जपानने तातामी जपली. महाड-पोलादपूरच्या इरल्याचे काय?

भातलावणीला आता शेतात निळे-पिवळे प्लास्टिक दिसते. महाड-पोलादपूरकडे पूर्वी पाठीवर इरले असायचे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पाने. सूप, रोवळी, हारा, भाताची कणगी, आडोशाच्या तट्ट्या हेही बांबूचेच. बुरूड समाजाची ही पिढीजात कला.

मग जपान कशाला? तिथले तातामी चटया बनवण्याचे कौशल्य डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेले. पण एकटे नाही, लाकडी वास्तू जतन करणाऱ्या १७ कौशल्यांमधले एक म्हणून. म्हणजे जुन्या मंदिराची दुरुस्ती निघाली की चटईवाल्यालाही काम.

आपल्याकडे काय झाले? २०१७ मध्ये वन कायद्यातील 'झाड' या व्याख्येतून बांबू वगळला. वनक्षेत्राबाहेरचा बांबू तोडणे सोपे झाले. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत टोपली-चटई विणणारेही आहेत. अवजारांसाठी १५ हजार, दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज, व्याज ५ टक्के.

चांगलेच आहे. पण सूप विकत घेणार कोण? या कारागिराचे मुख्य अवजार कोयता. त्याला कर्जाआधी ऑर्डर हवी. रायगड किल्ला महाड तालुक्यातच आहे. पायथ्याच्या हॉटेलांचे आडोसे तट्ट्यांचे का नसावेत? बांबूला भुंगेरा लागतो ही तक्रार खरी, पण बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात तो मुरवला की बरीच मिटते. हे प्रशिक्षण आधी द्या. आणि पहिली ऑर्डर सरकारी विश्रामगृहांनीच द्यावी.