कानातलं 'टक्'

मुलांनो, विहिरीत खोल बुडी मारली की कान का दुखतात? पाण्याचा दाब कानाचा पडदा आत ढकलतो. १० मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो बरं का! पाणबुडे नाक चिमटीत धरून हळूच फुंकतात, मग घशामागून कानाकडे जाणाऱ्या नळीतून हवा आत शिरते.

पण एका दमात खोल जाणारे काही पट्टीचे पाणबुडे नाकाला हातच लावत नाहीत! टाळूचे स्नायू ताणून ते नळी उघडी धरतात. फ्रेंच नौदलात १९५०च्या दशकात ही युक्ती विकसित झाली. सगळ्यांना नाही हं जमत!

तोंड मिटून जांभई देऊन पाहा. 'टक्' ऐकू आलं? नळी उघडली! सर्दीत मात्र ती सुजते. तेव्हा बुडी मारली तर पडदा फाटूही शकतो. कान दुखला, की जोर न लावता लगेच वर यायचं.