चिखल राहू द्या

थंडीतल्या रविवारी सकाळी दुर्बिणी गळ्यात अडकवून चार मित्र पुण्यातल्या पाषाण तलावावर जमतात, तेव्हा मोहीमबिहीम कुणाच्या डोक्यात नसते. चहा कुठं प्यायचा तेवढं ठरलेलं असतं. परवा आमची सगळी सकाळ एका शेकाट्यानं खाल्ली. लांबच लांब गुलाबी पाय, बारीक काळी चोच. एकेक पाय अलगद उचलून पुढं टाकायचा, चोच बुडवायची, किडा टिपायचा, की पुढचं पाऊल. वीतभर खोल पाण्यात त्याचं सगळं चाललं होतं. शेजारच्या चिखलात तुतवार शेपूट हलवत फिरत होता. जरा आत थापट्या बदकांची जोडी पसरट चोची पाण्यात घालून गोल गोल फिरत पाणी गाळत होती.

मला बोलायचंय ते या वीतभर पाण्याबद्दल आणि त्याच्या काठच्या चिखलाबद्दल.

तलाव वाचवायचा म्हणजे पाणी वाचवायचं, असं आपण धरून चालतो. काठ कुणाच्या लक्षातच येत नाही. मग सुशोभीकरण होतं. दगडी पिचिंग, कठडा, पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, हायमास्टचे दिवे, जमलं तर बोटिंग. तलाव भरलेला असतो, देखणाही दिसतो, पण काठ सरळ खोल पाण्यात उतरतो आणि शेकाट्याला पाय टेकायला जागा उरत नाही. पाणकावळे राहतात, टिबुकल्या राहतात. चिखलावर जगणारे मात्र निघून जातात, आणि पक्षी दिसतायत ना, म्हणून आपल्याला ते कळतही नाही.

यात कायद्याचा आधारही तोकडा आहे. आपल्या पठारावर नैसर्गिक तळी मोजकीच. पाषाणचा तलाव इंग्रजी अमदानीत रामनदी अडवून बांधलेला. भिगवणचं पाणी उजनी धरणाचं, आणि नांदूर मध्यमेश्वरही बंधाऱ्यामुळंच झालेलं. २०१७ च्या पाणथळ नियमांनी पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव व्याख्येतूनच वगळले आहेत. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य होतं, २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणूनही जाहीर झालं. गावोगावच्या, शहरोशहरीच्या बाकीच्या तलावांना असं कवच कुठून मिळणार? त्यांच्या बाजूनं उभी राहतील ती तिथं रोज जाणारी माणसंच.

पाषाणला सांडपाण्याचं दुखणं आहेच. रामनदीतून ते येतं आणि जलपर्णी त्यावरच पोसते. नाल्यांचं तोंड बंद झाल्याशिवाय दरवर्षी जलपर्णी उपसण्यात अर्थ नाही. ही मागणी सोडायची नाही. पण सांडपाण्याविरुद्ध बोलणारे पुष्कळ आहेत, चिखलाच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही.

म्हणून पक्षी बघायला जाणाऱ्या प्रत्येकाला कळकळीची विनंती आहे. नुसते फोटो काढून परतू नका. कोणता पक्षी, किती, आणि नेमका कुठं, खोल पाण्यात, पाणकणसात की चिखलात, हे लिहून ठेवा आणि पक्षीनोंदींच्या ईबर्ड या संकेतस्थळावर टाका. ५ ते १२ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडणारा पक्षी सप्ताह. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. या दोन्ही वेळी आपल्या तलावाची नोंद झालीच पाहिजे. तारखेनिशी केलेली पाच वर्षांची यादी टेबलावर ठेवली, की साहेबाला ‘इथं काही पक्षीबिक्षी नसतात’ असं म्हणता येत नाही.

तलावावर काम निघणार अशी कुणकुण लागली की लगेच आराखडा मागा. निविदा निघून गेल्यावर फार थोडं हाती राहतं. आराखड्यात काठ कुठं बांधणार ते बघा आणि लेखी हरकत द्या. मागणी एकच ठेवा, साधी आणि ठाम: तलावाची निदान एक बाजू उतरत्या चिखलाची, पाणकणसाची, दिव्याविना आणि भिंतीविना राहील. फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांना ट्रॅक हवा असतो, तो दुसऱ्या बाजूला खुशाल होऊ द्या. त्यांनाही दुर्बिणीतून एकदा शेकाट्या दाखवा आणि अर्जावर त्यांची सही घ्या.