नर्सिंगचा अभ्यासक्रम देशभर एकच. पण मानेची शीर बघायला शिकवतंय कोण?

बेळगावात शिकायचं आणि चंदगड, गडहिंग्लज किंवा गोव्यात नोकरी बघायची, ही सीमाभागातल्या नर्सिंगच्या मुला-मुलींची ओळखीची वाट. विद्यापीठं वेगळी असली तरी बीएस्सी नर्सिंगचा आराखडा देशभर एकच आहे. भारतीय नर्सिंग परिषदेने २०२१ मध्ये तो बदलून सेमिस्टर पद्धत आणली आणि पहिल्याच वर्षी ‘हेल्थ असेसमेंट’, म्हणजे रुग्णाची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी, हा भाग घातला. कागदावर पाऊल योग्य आहे. पण हे कौशल्य जर्नलमधून हातात उतरतं का, याची कसोटी हृदय आणि मानेच्या रक्तवाहिन्यांच्या तपासणीत लागते.

मान काय सांगते?

या तपासणीला महागडं यंत्र लागत नाही. रुग्णाला ३० ते ४५ अंशांत टेकवून निजवायचं, मान किंचित डावीकडे वळवायची आणि उजव्या बाजूच्या शिरेची धडधड कुठपर्यंत दिसते ते बघायचं. छातीच्या हाडावरच्या उंचवट्यापासून ती सरळ वर मोजली आणि ४ सेंटीमीटरच्या वर भरली, तर हृदयाच्या उजव्या बाजूवर दाब वाढल्याची शंका घ्यायची. सोबत पायावर सूज आणि निजल्यावर धाप असेल, तर हृदय थकत चालल्याची ही खूण असू शकते.

शिकताना गल्लत होते ती शीर आणि धमनी यांत. शिरेची धडधड डोळ्यांना दिसते, पण बोटाला सहसा लागत नाही. रुग्ण उठून बसला की ती खाली उतरते. कॅरोटिड धमनीचा ठोका मात्र बोटाला ठसठशीत लागतो. तो एका वेळी एकाच बाजूला, हलक्या हाताने बघायचा. दोन्ही बाजू एकदम दाबल्या तर मेंदूचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो, आणि जबड्याजवळ वर चोळलं तर नाडी एकदम मंदावू शकते. वयस्क रुग्णात त्याच धमनीवर स्टेथो ठेवून, क्षणभर श्वास रोखायला सांगून, फुसफुस ऐकू येते का तेही बघायचं.

नाडी अनियमित असेल तर १५ सेकंद मोजून चारने गुणणं चालत नाही; पूर्ण मिनिट मोजावं लागतं. एका सिस्टरने छातीवरचे ठोके आणि दुसरीने मनगटावरची नाडी एकाच वेळी मोजली आणि आकड्यांत फरक पडला, तर हृदयाचे काही ठोके हातापर्यंत पोचत नाहीत, हे तिथल्या तिथे कळतं.

सीमाभागात हे जास्त मोलाचं का?

खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या गावांना हृदयरोगतज्ज्ञ म्हणजे बेळगाव गाठणं. चंदगडच्या वाड्यांनाही बेळगाव किंवा कोल्हापूर. गावाजवळच्या उपकेंद्रात असते ती सिस्टर किंवा नर्सिंग शिकलेली समुदाय आरोग्य अधिकारी. निदान करणं हे तिचं काम नव्हे; पण ‘आज रात्री थांबू नका, आत्ताच न्या’ हे सांगणं नक्कीच तिचं. संधिवाताच्या तापाने लहानपणी झडपा खराब झालेल्या कित्येक बायकांचा आजार पहिल्या गरोदरपणातच उघड होतो. धाप लागली की ‘पोटुशी आहे, व्हायचंच’ म्हणून घरचे सोडून देतात. तिथे स्टेथोवर ऐकलेला एक वेगळा आवाज दोन जीव वाचवू शकतो.

इंग्रजी जर्नल, मराठी धाप

अडचण भाषेचीही आहे. मुली ‘डिस्निया’, ‘पाल्पिटेशन’ पाठ करतात. समोरची आजी म्हणते, ‘दम लागतोय, छातीत धडधडतंय, उशाला दोन उशा घेतल्याबगर झोप न्हाई.’ शेजारच्या खाटेवरचा ‘एदे नोवू’ म्हणत छातीवर हात ठेवतो. दोन उशांचा अर्थ ज्या विद्यार्थिनीला कळला, तिची निम्मी तपासणी तिथेच झाली. मराठी आणि कन्नड दोन्ही कानांवर असणं ही इथल्या मुलींची जमेची बाजू आहे; अभ्यासात तिला जागा मात्र नाही. शिवाय छाती उघडून तपासायची तर पडदा हवा, आधी विचारणं हवं. गावाकडच्या बाया सिस्टरपुढे जेवढ्या मोकळ्या होतात, तेवढ्या इतर कुणापुढे होत नाहीत.

पुढे काय?

२०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा कायदा झाला. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी तो आहे. राज्य ओलांडून नोकरी करणाऱ्या सिस्टरांचं लक्ष साहजिकच नोंदणी सोपी होईल का, याकडे आहे. पण नोंदणीइतकंच हाताचं शिक्षण महत्त्वाचं. बाहुल्यावर एकदा करून दाखवलं आणि जर्नलवर सही झाली, एवढ्यावर भागू नये. प्रत्येक विद्यार्थिनीने खऱ्या रुग्णाची मान आणि छाती तपासावी, शिक्षिकेने तोच रुग्ण पुन्हा तपासून ताळा करावा, आणि मगच सही व्हावी. याला नवी इमारत लागत नाही, की मोठा निधी. वॉर्डात शिक्षिका उभी राहिली पाहिजे, आणि तेवढा वेळ कॉलेजांनी तिला दिला पाहिजे. पालकांनीही प्रवेश घेताना फी आणि हॉस्टेलबरोबर हा एक प्रश्न विचारावा: मुलीला रुग्णाजवळ नेऊन शिकवणार का?