गढूळ पेल्याचा न्याय : ठाण्याची ताडी आणि ‘हेझी’ बिअर

१/ ठाण्यातील एखाद्या बारमध्ये ‘हेझी आयपीए’ नावाची बिअर समोर येते. रंग संत्र्याच्या रसासारखा, आणि पेल्यापलीकडचे बोटही दिसू नये इतका गढूळपणा. पिणारा पेला उजेडाकडे धरतो, छायाचित्र काढतो आणि त्या गढूळपणाचीच तारीफ करतो. त्याच शहरात ‘ताडी-माडी विक्री केंद्र’ अशी पाटीही आढळते. तेथला पेलाही गढूळच असतो. त्याला मात्र ‘गलिच्छ’ म्हटले जाते. या दोन निवाड्यांमधले अंतर सरकारच्या अबकारी खात्याने पाडले, आणि त्याला साल आहे : १८७८.

२/ आधी बिअरकडे पाहू जावे. ही जात अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातली. ‘द अल्केमिस्ट’ या छोट्या मद्यशाळेची ‘हेडी टॉपर’ तिची आद्य प्रतिनिधी मानली जाते. ओट आणि गव्हातील प्रथिने, तसेच हॉप्सच्या फुलांतील पॉलिफेनॉल द्रव्ये एकमेकांना बिलगतात. त्यांचे कण इतके सूक्ष्म असतात की तळाशी बसत नाहीत. बिअर मुद्दाम गाळली जात नाही. ताजेपणी तिला आंबा-अननसासारखा वास असतो आणि काही आठवड्यांत तो विरू लागतो. म्हणून ती ताजी प्यावी, हा तिचा पहिला नियम.

३/ येथे एका लाडक्या दंतकथेचा निकाल लावणे भाग आहे. ‘इंडिया पेल एल भारताच्या सागरी प्रवासात टिकावी म्हणून शोधून काढली’ ही कथा बारच्या मेन्यूवर छापलेली असते. लंडनच्या बो भागातील हॉजसनची मद्यशाळा अठराव्या शतकाच्या अखेरीस भारताकडे बिअर धाडत होती, हे खरे. परंतु काळीभोर पोर्टर बिअरही त्याच जहाजांतून येई आणि सुखरूप पोहोचे. गोऱ्या शिपायांचा ओढा तिच्याकडेच होता. शिवाय एकोणिसाव्या शतकातील त्या पेल एलची ख्याती स्वच्छ, पारदर्शक बिअर म्हणून होती. गढूळ आयपीए हा त्या परंपरेचा वारसा नव्हे, तिच्याशी केलेला काडीमोड आहे.

४/ बिअरची पारख करणाऱ्या परीक्षकांचा ‘बीजेसीपी’ हा जागतिक मानदंड पाहावा. एकूण गुण ५०. गंधाला १२, चवीला २०, तोंडातल्या पोताला ५, एकंदर परिणामाला १० आणि रूपाला अवघे ३. स्वच्छ असो वा गढूळ, डोळ्यांचा हिशेब ३ गुणांत आटोपतो. हेझी आयपीएच्या बाबतीतही तरंगते तुकडे वा यीस्टच्या गुठळ्या हा दोषच मानला जातो. म्हणजे जाणकारांच्या लेखी गढूळपणा हा स्वतः गुणही नाही आणि अवगुणही नाही.

५/ हाच कागद ताडीसमोर का ठेवला जात नाही?

६/ ताडापासून ताडी, माडापासून माडी, शिंदीच्या झाडापासून शिंदी. भंडारी कोयती घेऊन झाडावर चढतो, पोय छाटतो, खाली मडके बांधतो. झरणारा रस आरंभी नितळ आणि गोड असतो, ती नीरा. मडक्याला आतून चुना लावला तर ती काही काळ तशीच राहते; न लावल्यास हवेतले आणि मडक्यातले यीस्ट व जिवाणू कामाला लागतात आणि काही तासांत रस दुधाळ होतो. तो गढूळपणा म्हणजे सजीव यीस्ट आणि जिवाणू. मद्यार्क साधारण ४ ते ६ टक्के, म्हणजे बिअरच्याच पंगतीतला. चवीत गोडी, आंबटपणा, जिभेवर बारीक चुरचुर. दुसऱ्या दिवशी ती आंबटढाण होते आणि पुढे तिचा शिरका होतो. ताजी प्यावी, हा तिचाही पहिला नियम!

७/ गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात माडाच्या या रसाची नोंद ‘सुरा’ याच नावाने केली आहे. गोव्यात आजही तो ‘सूर’च. पाव फुगवण्यासाठी, सान्नां उकडण्यासाठी तोच वापरला जाई. ताडासाठी इंग्रजी दप्तरांत येणारा ‘ब्रॅब’ हा शब्दही पोर्तुगीज ‘ब्राव्हा’, म्हणजे रानटी, यावरून आलेला. झाडाला रानटी ठरवून झाले होते. पेयाची पाळी पुढे आली.

८/ १८७८ मध्ये दोन घटना घडल्या. परस्परांशी त्यांचा संबंध नाही. जर्मनीत लॉरेंझ एन्झिंगर याने बिअर गाळण्याचे यंत्र तयार केले आणि चकचकीत पारदर्शक बिअर घाऊक प्रमाणात शक्य झाली. मुंबई इलाख्यात त्याच वर्षी अबकारी कायदा आला. ताडीसाठी झाडागणिक कर आणि परवाना; दारूसाठी सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्या आणि विक्रीचे मक्ते. या धोरणाचा शिल्पकार चार्ल्स प्रिचर्ड हा अधिकारी होता.

९/ ताडीवर रोष का, हे समजण्यासाठी हिशेबनिसाच्या नजरेने पाहावे लागते. भट्टीत गाळलेली दारू टिकते, पिंपात भरता येते, तिची तीव्रता मोजता येते, गोदामाला कुलूप लावता येते. ताडी एका दिवसात आंबते आणि हजारो झाडांवर विखुरलेली असते. प्रत्येक ताडाखाली शिपाई उभा करणे कोणत्याही सरकारला परवडणारे नव्हते. त्यातच स्वस्त ताडी मिळत असताना मक्तेदाराची महाग दारू खपणार कशी? तेव्हा झाडाचा कर चढवला गेला. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात आजचा पालघरही होता. तेथील भंडारी आणि वारली कुटुंबांना आपल्याच दारातला ताड महाग झाला. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा झाला. रानात गळून पडलेले फूल घरी साठवणे हा गुन्हा होऊ शकत होता.

१०/ ‘मद्यपानाला आळा’ हे त्या काळचे सरकारी समर्थन. ते खरे असते तर मक्त्यांचे लिलाव कशासाठी?

११/ राष्ट्रीय चळवळीनेही या झाडाला न्याय दिला नाही. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात सुरत भागात ताडी देणारी झाडे तोडण्याची मोहीम झाली. हेतू प्रामाणिक होता : मजुराची कमाई गुत्त्यात जाऊ नये. पण कुऱ्हाड गुत्त्याऐवजी बुंध्यावर पडली. पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने नीरा आणि ताडी यांच्यात जी रेघ ओढली, तीही नितळ आणि गढूळ यांच्यातलीच रेघ. न आंबलेली नीरा सरकारमान्य, आंबलेली ताडी संशयित. तोच कायदा दुरुस्त्यांसह अजून लागू आहे. हेझी बिअरच्या पेल्यालाही कायद्याने परवाना लागतो, आणि एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. किती जणांना हे ठाऊक असते, हा प्रश्न वेगळा.

१२/ आता सर्वांत बळकट आक्षेप. ताडी आज विषारी असते, त्यामुळे तिची बदनामी योग्यच, असे म्हटले जाते. पहिले अर्धे विधान पुष्कळदा खरे आहे. क्लोरल हायड्रेट हे गुंगी आणणारे रसायन पाण्यात कालवून, त्यात पांढरेपणा आणि आंबटपणा आणून ‘ताडी’ म्हणून विकले जाते. राज्यात त्यावर वारंवार छापे पडतात आणि त्यापायी माणसे दगावलीही आहेत. हे जिभेने खात्रीने ओळखता येत नाही, त्यामुळे ‘अस्सल ताडी म्हणजे अमृत’ असे लिहिणारे गावप्रेमीही धोकादायक सल्ला देत असतात. मात्र त्या पेल्यात ताडाच्या रसाचा थेंबही नसेल, तर दोष ताडावर कसा लागतो? बनावट बिअर सापडली म्हणून कोणी बार्लीची निंदा करीत नाही.

१३/ ही भेसळ उघड करण्याची सोपी रीत अबकारीच्याच जुन्या वहीत आहे. एक झाड दिवसाला काही लिटरच रस देते, तोही ठरावीक हंगामात. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील ताड इमारतींच्या पायांत गेले आहेत. दुकाने उरली आहेत. तेव्हा दुकानात येणारी ताडी कोणत्या तालुक्यातून, किती परवानाधारक झाडांवरून, किती वाजता उतरवली गेली, हे राज्य उत्पादन शुल्क विभागाने दुकानाबाहेर फळ्यावर लिहून लावावे. विक्रीचे लिटर आणि झाडांची संख्या शेजारी शेजारी ठेवली की उरलेले पाणी कोठून आले हे वेगळे विचारावे लागणार नाही. कर वसूल करायचा होता तेव्हा सरकारला झाडे मोजता येत होती.