मासा आजारी? आधी पाणी तपासा

हौसेने काचेची टाकी आणावी, त्यात चार-सहा गोल्डफिश सोडावेत आणि पंधरा-वीस दिवसांत एकेक मासा उलटा तरंगू लागावा, असा अनुभव कित्येक घरांत येतो. मुले हिरमुसतात, मोठी माणसे दुकानदाराला दोष देतात. वास्तविक बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो. पाणी स्वच्छ दिसले तरी ते माशांना मानवेलच असे नाही.

माशांचे उत्सर्जन आणि उरलेले खाद्य यांपासून पाण्यात अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तर दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेट. अमोनिया व नायट्राइट विषारी आहेत. नायट्रेट त्या मानाने सौम्य. नव्या टाकीत हे उपयोगी जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून सुरुवातीला दोन-तीनच मासे सोडावेत. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच घालावे. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे, सगळे पाणी एकदम बदलू नये. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यावा, नाहीतर क्लोरीनमुळे जिवाणू मरतात. नळाचे किंवा बोअरचे पाणी बादलीत पंप लावून एक दिवस ठेवावे, मगच वापरावे.

दशहरी आंब्यासाठी प्रसिद्ध असलेल्या लखनौजवळच्या मलिहाबादेत काय किंवा कोकणात काय, बागेलगत राहणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. मोहोरावरील तुडतुड्यांसाठी होणाऱ्या फवारणीत पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशक असेल, तर ते अगदी अल्प प्रमाणातही माशांना घातक ठरते. हवेचा पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो. तेव्हा फवारणीच्या वेळी खिडक्या बंद ठेवाव्यात, टाकी झाकावी. डास मारण्याच्या फवाऱ्यातही बहुधा याच वर्गातील द्रव्ये असतात, हे शहरातल्यांनीही ध्यानात ठेवावे.

मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकत असतील, तर औषध शोधत बसू नये. तिसरा हिस्सा पाणी ताबडतोब बदलावे, पंप चालू करावा आणि एक दिवस खाद्य बंद ठेवावे. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो परजीवीचा प्रादुर्भाव समजावा. थंडीत पाण्याचे तापमान एकाएकी उतरल्यावर तो हमखास डोके वर काढतो. परजीवी कातडीखाली असेपर्यंत औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो पाण्यात सुटल्यावरच मरतो. म्हणून ठिपके गेले तरी उपचार आणखी काही दिवस चालू ठेवावेत. माणसांच्या प्रतिजैविकांच्या कॅप्सूल मात्र टाकीत कदापि फोडू नयेत.

माशांच्या रोगांवर देशभर पाळत ठेवण्याचा कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला. त्याचा समन्वय लखनौची राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो ही संस्था करते. यावरून माशांचे रोग किती दूरवर पसरू शकतात, याची कल्पना यावी. म्हणून आजारी किंवा नकोसा झालेला मासा दया म्हणून तळ्यात किंवा नदीत सोडू नये. मेलेला मासा खड्ड्यात पुरावा. आणि नवा मासा आणला, की तो दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून मगच मोठ्या टाकीत सोडावा.