परीक्षेची धास्ती कोणत्या भाषेत मोजायची?

संयुक्त अरब अमिरातीच्या शासनाने नोव्हेंबर 2024 मध्ये ‘एमसॅट’ ही विद्यापीठ प्रवेशाशी निगडित परीक्षा रद्द केली. येथील फ्रेंच शाळांत दिल्या जाणाऱ्या बाकालोरेआत 40 टक्के गुण वर्षभराच्या मूल्यमापनाचे असतात, तर सीबीएसईने 2026 पासून दहावीला दुसरी संधी दिली आहे. परीक्षेचा भार हलका करण्याकडे असा सर्वत्र कल आहे. तो भार मुलांच्या मनावर नेमका किती, याचे मोजमाप मात्र वाटते तितके सरळ नाही.

लीबर्ट आणि मॉरिस या मानसशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये परीक्षाभयाचे दोन पदर वेगळे केले : ‘नापास झालो तर?’ हा डोक्यात घोळणारा विचार, आणि छातीतली धडधड, तळहातांचा घाम ही शरीराची खळबळ. स्पीलबर्गर यांची 1980 ची वीस विधानांची प्रश्नावली याच विभागणीवर उभी आहे. गुण घटण्याशी अधिक घट्ट नाते पहिल्या पदराचे आढळते. म्हणजे हात थरथरणाऱ्या मुलीपेक्षा वर्गात शांत बसलेला मुलगा अधिक अडचणीत असू शकतो.

खरी मेख भाषांतरात आहे. फ्रेंच विद्यार्थी परीक्षेपूर्वीच्या धाकधुकीला सहज ‘त्राक’ म्हणतो. रंगमंचावर जाणाऱ्या नटाचाही तोच शब्द. ‘आंक्सिएते’ म्हटले की दवाखान्याचा वास येतो. मराठीत तर ‘काळजी’ म्हणजे चिंताही आणि जिव्हाळाही. ‘मला परीक्षेची काळजी वाटते’ हे वाक्य कित्येक घरांत गुणी मुलाचे लक्षण ठरेल! म्हणून प्रश्नावली नव्या भाषेत नेताना ती त्या भाषेच्या मुलांवर पुन्हा तपासावी लागते.

आकड्यांचेही तसेच. 2015 च्या ‘पिसा’ पाहणीत ओईसीडी देशांतील 55 टक्के विद्यार्थ्यांनी तयारी असूनही चाचणीची चिंता वाटते, असे सांगितले. एनसीईआरटीच्या 2022 च्या पाहणीत 81 टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा व निकाल हे चिंतेचे कारण म्हटले. प्रश्नच वेगळे असल्याने ही तुलना निरर्थक, तरी ती होत राहते.

दुबईत 2017 पासून विद्यार्थ्यांच्या स्वास्थ्याची गणना सुरू झाली, हे स्वागतार्हच. परंतु घरी मराठी, मित्रांत हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलणारे, बोर्डासोबत ‘नीट’चीही तयारी करणारे मूल अशा सरासरीत सहज हरवते. प्रश्नावली कोणत्या मुलांवर तपासली आहे आणि उत्तरे पाहून मुलाशी प्रत्यक्ष कोण बोलणार, हे दोन प्रश्न पालकांनी पुढच्या पालकसभेत शाळेला विचारायला हवेत.