यंत्र कुठे घडते, तेही तपासा

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे भूमिपूजन १४ सप्टेंबर २०१७ रोजी साबरमतीला झाले. मे २०२५ पर्यंत तिचा ३०० किलोमीटरचा उन्नत मार्ग उभा राहिला. वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा या २१ किलोमीटरच्या बोगद्यातील १६ किलोमीटरचे खोदकाम मात्र यंत्रांवाचून खोळंबले. कंत्राट २०२३ मध्ये दिले गेले होते. टनेल बोअरिंग मशिन जर्मनीच्या हेरेनक्नेख्त कंपनीची, पण ती घडली चीनमधल्या ग्वांगझौच्या कारखान्यात, आणि तिथेच अडकली. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांना जर्मनीचे तत्कालीन उपचान्सलर रॉबर्ट हाबेक यांच्यापुढे हे गाऱ्हाणे मांडावे लागले. बिल जर्मन कंपनीचे, पण माल सोडायचा की नाही हे ठरवणार बीजिंग! जमीन ताब्यात आल्याशिवाय काम सुरू करू नये, हे आपण अनेक ठेचा खाऊन शिकलो. यंत्र कुठे घडते आणि कोणाच्या परवानगीने तिथून निघते, याची चौकशीही तितक्याच कसोशीने, कंत्राटावर सही होण्यापूर्वीच व्हायला हवी.

साधन देशात घडले की काम अडत नाही, याचा पुरावा याच प्रकल्पात आहे. सुमारे ९७० टन वजनाचा, ४० मीटर लांबीचा गर्डर एकसंध उचलून खांबांवर ठेवणारी अवजड यंत्रणा लार्सन अँड टुब्रोने देशातच तयार केली. तिचे सुटे भाग घडवण्यात अनेक लघु व मध्यम उद्योगांचा हात होता. सप्टेंबर २०२१ मध्ये तिला हिरवा झेंडा दाखवला गेला आणि पुढे गुजरातेत उन्नत मार्गाने वेग घेतला. घणसोली ते शिळफाटा हा बोगद्याचा सुमारे ४.९ किलोमीटरचा टप्पाही, सुरुंग लावून खोदायच्या पद्धतीने, सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार झाला. जिथे साधन हाताशी होते तिथे काम पुढे सरकले.

महाराष्ट्रात खरी अडचण भूसंपादनाची होती, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे, विक्रोळीच्या जमिनीचा वाद उच्च न्यायालयात २०२३ पर्यंत चालला. पण जमीन मिळाल्यावरही खड्डा यंत्राची वाट पाहत राहिला, हे त्याने नाकारता येत नाही. चीन असे वागेल हे कोणाला ठाऊक होते, हा आक्षेप त्याहून लंगडा आहे. गलवानच्या चकमकीनंतर, जुलै २०२० मध्ये, सीमेलगतच्या देशांतील कंपन्यांवर सरकारी निविदांसाठी निर्बंध भारतानेच घातले होते. मग तीन वर्षांनी आपल्या सर्वांत अवघड कामाची यंत्रे त्याच देशातून येणार असताना पर्यायी व्यवस्था का नसावी? तेरा मीटरहून मोठ्या व्यासाचे यंत्र आज देशात पूर्णपणे घडणे कठीण आहे, हे मान्य. तरी जुळणी, सुटे भाग आणि दुसऱ्या कारखान्याची अट करारात घालणे अशक्य नव्हते.

ग्वाल्हेरच्या माधवगंजातल्या वाचकाला हा प्रश्न मुंबईचा वाटू नये. ग्वाल्हेरजवळच्या सिथौलीत रेल्वेचा स्प्रिंग कारखाना आहे. डब्यांसाठी लागणारा भाग आपल्या दाराशी घडतो, याचे मोल चीनमध्ये अडकलेल्या यंत्राकडे पाहिल्यावर कळते. अशा कारखान्यांना वर्षागणिक खात्रीची मागणी मिळाली पाहिजे. शिवाय मोठ्या प्रकल्पांच्या अहवालात यंत्राची मागणी कधी नोंदवली, ते कुठे घडत आहे आणि निर्यात परवाना मिळाला की नाही, हे दर तिमाहीला संसदेपुढे आले पाहिजे.